विहाराच्या गंजाला लागलेलं शिसं

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी होते. आता नेमकी काय आहे, हे माझं मलाच धड सांगता येत नाही. शिशाचा एक गोळा म्हणा, थोडी राख म्हणा, थोडा मळका कापूस म्हणा. दोन वर्षं झाली, मी एका पत्र्याच्या डब्यात बंद आहे. एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही, त्यामुळे हे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या कडक रबराची पेटी, तिच्यात सहा घरं, प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या दाटीवाटीनं उभ्या आणि वरून ओतलेलं तेजाब. ज्याच्या पोटात जन्मापासून तेजाब खळखळतं त्यानं शांत कसं राहावं, तुम्हीच सांगा! मला सतत काहीतरी करून दाखवायचं असे, आणि कुणीतरी शाबासकी द्यावी असंही वाटे. हा माझा दोष मी आधीच कबूल करते.

मला पांढुर्ण्याच्या एका ट्रकला बसवलं. संत्र्यांनी भरलेला तो ट्रक नागपूरच्या बाजाराला जायचा. थंडीच्या दिवसांत पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं की ड्रायव्हर खूश होऊन बॉनेटवर थाप मारायचा. ती थाप माझ्यासाठी असे. तीन वर्षं मी मान खाली घालून काम केलं. मग माझा दम कमी पडू लागला. चार माणसं ट्रकला धक्का मारू लागली आणि ज्या तोंडानं माझं कौतुक व्हायचं त्याच तोंडानं मला शिव्या बसू लागल्या. शेवटी सौसरच्या देवीदासनं मला विकत घेतलं.

देवीदासचं बाजाररस्त्यावर रेडिओ, टीव्ही आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. मोडकी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं माझ्या निकामी पट्ट्या काढल्या, नव्या घातल्या, ताजं तेजाब भरलं आणि मला पुन्हा उभं केलं. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. मात्र जे दुरुस्त होत नसे ते तो दुकानामागे टाकत जाई. मेलेले रेडिओ, फुटक्या पिक्चर ट्यूब, तारांची जाळी. आठवड्यातून एकदा तारा पेटवून तो त्यातलं तांबं काढायचा. काळा धूर गल्लीभर पसरायचा आणि लोक खोकत खोकत चहा प्यायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

देवीदास राहायचा त्या वस्तीत वीज असून नसल्यासारखी. म्हणून रविवारी संध्याकाळी वस्तीतला एकुलता एक टीव्ही माझ्यावर चालायचा. अंगणात शंभरेक माणसं बसायची. चौदा एप्रिलला बुद्धविहारातला माईकही माझ्याच जोरावर घुमायचा. "बॅटरी देवीदासची, म्हणून आवाज असा खणखणीत!" असं लोक म्हणायचे, आणि मी पेटीतल्या पेटीत फुलून जायची. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पण बॅटरीचं आयुष्य ते किती? शहाऐंशी साली मी कायमची बसले. देवीदासनं मला घराच्या वळचणीला ठेवलं आणि विसरला. उन्हानं माझी पेटी तडकली, तेजाब थेंब थेंब झिरपू लागलं. तिथलं गवत जळून गेलं. शेजारच्या यमुनाची अंडी देणारी कोंबडी एकदा त्या डबक्यात चोच घालून गेली आणि संध्याकाळी आडवी झाली. यमुनानं तीन दिवस गल्ली डोक्यावर घेतली. आळ आला मुंगसावर. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि तेव्हापासून माझ्या मनाला जी टोचणी लागली ती अजून गेलेली नाही.

आता त्या घरातल्या दोन माणसांची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. देवीदासची थोरली बहीण वत्सला आणि तिचा नवरा मोतीराम. मोतीरामचे दोन्ही पंजे मनगटापासून लोंबत असत. त्याला शर्टाची गुंडी लावता येत नसे, घास उचलता येत नसे. वत्सला त्याला भरवायची. कुणी विचारलं की देवीदास घाईघाईनं सांगायचा, "भाऊजीले लकवा मारला." पण मोतीराम नागपूरला एका भट्टीत दोन वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता, आणि ते काम देवीदासनंच त्याला मिळवून दिलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं वत्सलाला स्वच्छ सांगितलं होतं की हे शिशामुळे झालं. देवीदास ते मानायलाच तयार नव्हता. ते मानलं असतं तर पुढे मोतीरामकडे पाहायचं कसं, हा त्याच्यापुढे प्रश्न होता.

सत्त्याऐंशीच्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. विहाराच्या भांड्यांना दरवर्षी त्या दिवशी कल्हई व्हायची, कारण पौर्णिमेला सगळ्या वस्तीची खीर तिथेच शिजे. गुणवंता कल्हईवाला सकाळपासून भाता मारत बसला होता. परातींना झाली, पातेल्यांना झाली, आणि शेवटचा मोठा गंज भट्टीवर चढला. पाचशे माणसांची खीर मावेल असं ते तांब्याचं भांडं. नेमकं तेव्हाच गुणवंताजवळचं कथील संपत आलं.

"इतक्यात अर्धा गंजही होत नाई," गुणवंता म्हणाला. "आणि सौसरात आज कथील भेटून नाई राहिलं."

कल्हईशिवाय तांब्यात दूध कसं शिजवणार? विहार समितीचे वामनराव डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात देवीदास पुढे झाला.

"काहून घाबरून राहिले तुमी? शिसं हाय ना माह्यापाशी! कथलात मिसळून टाक गुणवंता."

"मिसळतेत लोकं थोडं थोडं," गुणवंता कान खाजवत म्हणाला. "चमक तं अजून बरी येते."

झालं. देवीदासनं मला वळचणीतून ओढलं, उरलंसुरलं तेजाब नालीत ओतलं आणि हातोड्यानं माझी पेटी फोडली. लोखंडी कढईत माझं शिसं वितळलं. अर्धं कथलात गेलं, उरल्याचा गोळा झाला. नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाचा बोळा गंजाच्या पोटात गरगर फिरला आणि मी त्या तांब्यावर पसरले.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. अंधाऱ्या पेटीत जन्म काढलेली मी चांदीसारखी लखलखत होते! बाया वाकून माझ्यात आपला चेहरा पाहत होत्या. लोकांनी देवीदासची पाठ थोपटली. कोंबडी, डबकं, टोचणी, सगळं मी घटकाभर विसरले.

एवढ्यात खिरीचे तांदूळ आणायला बोरगावला गेलेली वत्सला पिशवी घेऊन परतली. तिनं फुटकी पेटी पाहिली, मग गंजाकडे पाहिलं. पिशवी तिनं तिथेच खाली टाकली.

"देवीदास, हे काय करून ठेवलं तू?"

"कल्हई केली बाई. आणखी काय?"

"कल्हई नोहे ते, जहर होय! याच्यात खीर नाई शिजत."

"बापजाद्यायपासून लोकं कल्हईतच खाऊन राहिले ना वत्सलाबाई," वामनराव समजुतीनं म्हणाले.

"कथलाच्या कल्हईत खाल्लं, वामनराव. बॅटरीच्या शिशात कोणं खाल्लं, सांगा."

देवीदासचा चेहरा लाल झाला. "पंधरा वर्षं झाले मी बॅटऱ्याचं काम करून राहिलो. मले काई झालं काय? अख्ख्या मोहल्ल्यापुढे मले जहर चारणारा म्हणून राहिली तू!"

"तुले नाई झालं, म्हणून कोणालेच होत नाई काय? यायचे हात पाह्य ना!" तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्यायले लकवा हाय!" देवीदास ओरडला.

वस्तीत दोन तट पडले होते. कुणी म्हणे बाई उगाच घाबरवते, कुणी म्हणे डॉक्टर खोटं कशाला बोलेल. वेळ जात होता, सकाळी दूध येणार होतं, आणि मी चमकत होते. पण आता त्या चमकेची मला शरम वाटू लागली होती. मला त्या भांड्यावरून उतरायचं होतं आणि उतरता येत नव्हतं.

गर्दीतून मोतीराम हळूच पुढे आला. तो फारसा कधी बोलत नसे. गंजाच्या काठावर वाकून त्यानं आत पाहिलं.

"असंच दिसे ते भट्टीत," तो म्हणाला. "लय सुंदर दिसे. मी पाहतच राहो." मग त्यानं देवीदासला विचारलं, "उद्या पहिली वाटी लहान लेकरायलेच देतेत ना?"

देवीदासनं मान डोलावली. मग त्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडाला बांधला, लोकांना लांब सरायला सांगितलं आणि स्वतः भात्यावर बसला. गंज पुन्हा तापला. मी पातळ झाले, आणि गुणवंतानं मला कापसानं पुसून काढलं. नंतर चिंच आणि वाळूनं गंज घासला, तरी वत्सलाचं समाधान होईना. "यंदा याच्यात काईच शिजणार नाई," ती म्हणाली, आणि या वेळी देवीदासनं वाद घातला नाही. गंज विहाराच्या कोपऱ्यात पालथा पडला.

आता माझं काय करायचं? देवीदास म्हणाला नदीत टाकू. वत्सला म्हणाली, "खालच्या गावचे लोकं काय पेतात मंग?" कुणी म्हणालं पुरू. पण कुठे? सगळीकडे विहिरी आणि संत्र्यांचे बगीचे. शेवटी गोळा, राख आणि कापूस एका डब्यात भरून देवीदासनं तोंडाला सिमेंट थापलं आणि तो डबा दुकानाच्या फळीवर ठेवला. त्यानंतर त्यानं तारा जाळल्या नाहीत, शिसंही वितळवलं नाही.

पौर्णिमेची खीर तीस घरांच्या तीस भांड्यांत शिजली. एक दाट, एक पातळ, यमुनाची तर तळाला चांगलीच लागलेली. त्या दुपारचं मला वत्सलाच्या बोलण्यातून कळलं. फळीखाली बसून ती गुणवंताला सांगत होती. वाटी घेऊन ती नवऱ्याला भरवायला बसली, तेव्हा देवीदासनं वाटी तिच्या हातून घेतली. मोतीरामपुढे मांडी घालून बसला. चमचा भरला, पण हात पुढे जाईना.

"भाऊजी, लकवा नोहे तो," तो म्हणाला. "मीच धाडलं होतं तुमाले तिथं."

मोतीराम म्हणाला, "मले माहीत हाय. दे आता, खीर थंडी होऊन राहिली." आणि त्यानं तोंड उघडलं.

मित्रांनो, बोरगावच्या एका कारखान्यात काँप्युटर आला आहे, असं दुकानात परवा कुणी बोलत होतं. उद्या तुमच्याही घरी नवी नवी यंत्रं येतील. जरूर आणा, त्यांचं कौतुक करा, आम्हाला कौतुक फार आवडतं. पण आमच्या पोटात काय आहे ते विचारा, आणि आम्ही मेल्यावर आम्हाला कुठे न्यायचं ते आमच्या जिवंतपणीच ठरवा. माझी जागा अजून कुणी ठरवलेली नाही. काल डब्याच्या सिमेंटला एक बारीक चीर गेलेली देवीदासला दिसली. त्यानं ती बोटानं चाचपली आणि नवा थर दिला.