भगवंतची माळ

धर्मराजच्या बिडीसाठी भगवंतनं चुलीतला निखारा कौलाच्या तुकड्यावर ठेवून ओटीवर आणला. बिडी पेटली, बोलणं सुरू झालं आणि भगवंतचा हात तिरपा झाला. निखारा घरंगळला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात जाऊन बसला. भगवंत आपला बोलतोच आहे, "मांडव आमच्याच अंगनात घालू, सावली हाय."

कातडी जळल्याचा वास आला तेव्हा धर्मराजनंच तो निखारा झटकला.

"अवो, हात भाजला तुमचा! कलला नाय तुमाला?"

"नाय," भगवंत बोलून गेला. बोलायला नको होतं, हे त्याला लगेच उमगलं.

धर्मराज मांजर्लीहून आपल्या मुलासाठी भगवंतच्या सरूला बघायला आला होता. मुलगी पसंत होती, सुपारी फुटायचीच बाकी होती. आता तो त्या हाताकडे बघत थोडा मागे सरकला. भाजलेलं न कळणारा हात म्हणजे महारोग, एवढं कुळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. असल्या घरातली मुलगी कोण करून घेईल?

महारोग नव्हता. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या बिस्किटांच्या भट्टीवर भगवंत कामाला होता. भट्टीपाशी उभा राहिला की त्याचे पाय लुळे पडायचे, एकाचे दोन दिसायचे, जीभ जड व्हायची. "साईं, पीके आया है क्या?" म्हणत शेठनं एकदा त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि खजील झाला. ती माळ भगवंतची एकुलती एक साक्षीदार होती.

डॉक्टरनं त्या आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. मज्जातंतू बिघडलेत, कमी होईल, परत येईल, औषध नाही, म्हणाला. "आणि हाताचं?" भगवंतनं विचारलं. डॉक्टर बराच वेळ सुया टोचत बसला. शेवटी म्हणाला, "पाय, डोळे, जीभ हे सगळं या आजारात बसतं. हाताचं मात्र मला सांगता येत नाही." तेव्हापासून भगवंत माळेचे मणी डोळ्यांनी बघून मोजायचा, कारण बोटांना ते लागत नसत. हे सगळं मांजर्लीच्या माणसाला कसं सांगणार? जे डॉक्टरला सांगता आलं नाही, ते भगवंत काय सांगणार, कपाळ!

एवढ्यात त्याची बायको मोतीबाई दारातून म्हणाली, "त्यांना कसा कलंल? सकाळपासून घेऊन बसलेत."

तिनं हे कुठून आणलं, कोण जाणे. दारूबंदी होती खरी, पण बारवीच्या रानातल्या हातभट्ट्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. पिणाऱ्या बापाची मुलगी करून घ्यायला कुणी अडत नसे.

धर्मराजचे डोळे भगवंतच्या गळ्यावर गेले. "आन ही माल?"

आतून सरूचा आवाज आला, "आये, गप ऱ्हा ना."

भगवंतनं डाव्या हातानं माळ वर उचलली. ती कानात अडकली. त्यानं ती सोडवली, डोक्यावरून काढली आणि ओटीवर ठेवली. आयुष्यात थेंब न चाखलेला तो माणूस जड जिभेनं म्हणाला, "लोकांसाटी घालतो. नेम कवाचा सुटलाय."

"हात्तिच्या!" धर्मराज मोकळा हसला. "मंग आदीच सांगायचा ना! तरीच ती चाल. माजा धाकला भाव पन घेतो."

चाल, जीभ, हात, सगळंच त्या एका खोट्यात बसलं. डॉक्टरच्या नावातसुद्धा इतकं बसलं नव्हतं. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मोतीबाई रडत पायाशी बसली. "मी कशाला बोलले! माजी जीभ झडो."

"बरा केलास," तो म्हणाला. सरू माळ घेऊन आली, तर त्यानं मान हलवली. "देवापाशी ठेव."

लग्नाच्या दुपारी धर्मराजनं मांडवामागे पेला पुढे केला. "घ्या इवाय, आज नाय बोलाचा नाय." चार व्याही-सोयरे बघत होते. भगवंतनं दोन्ही हातांनी पेला धरला, डोळे मिटले आणि प्याला. घशापासून पोटापर्यंत आग पेटली. एवढं मात्र त्याला नीट कळलं.

मग तो अक्षता टाकायला निघाला. रोजच्यासारखाच झोकांड्या देत.

"लवकर चढली," कुणीतरी म्हणालं. मांडव हसला. मुंडावळ्यांआडून सरू बापाकडे बघत होती, ती तेवढी हसली नाही.

अक्षता टाकून झाल्या. भगवंतचा उजवा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिथं माळ आहे की नाही, हे त्या बोटांना कळत नव्हतं. त्यानं खाली पाहिलं नाही.