पाठीची जागा

भिंत कधी खोटं बोलत नाही, असं देवराव सगळ्यांना सांगत असे. तीस वर्षं फरश्या बसवून त्याने एकही सरळ भिंत पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

लालीबाईच्या भिंतीने तर हद्द केली होती. महागावजवळच्या तांड्यावरचं हे घर सहा वर्षं अर्धवट पडलेलं. रविवारी तिच्या मुलासाठी, बादलसाठी, सोयरिकीचे पाहुणे येणार म्हणून आता फरशी झाली होती. राहिली होती कडेची स्कर्टिंग, भिंतीच्या पायाशी बसवायची फरशीची पट्टी. देवरावने पट्टी भिंतीला टेकवली, तर मधल्या फटीत त्याची दोन बोटं आरामात गेली.

"भाभी, भिंत इथं आत गेली. मसाला भरतो, मंग पट्टी सरळ बसते."

"भरू नका, भाऊ," लालीबाई दारातून म्हणाली. "त्याहिची पाठ हाये ते."

देवरावचा हात थांबला. तिचा नवरा नेमसिंग मिस्त्री होता, देवरावचा जोडीदार. या भिंतीचं प्लास्टर त्याने एकट्याने केलं, संध्याकाळी दम लागला म्हणून ओल्या प्लास्टरलाच टेकून बसला, "उद्या सारखं करतो" म्हणाला आणि उठलाच नाही.

देवराव विहाराच्या कमिटीत होता. भूतखेत मानत नसे. पण सकाळपासून त्याने त्या भिंतीकडे पाठ केलेली नव्हती. आता हात लावला, तर प्लास्टर गार लागलं. मे महिन्यात, तांड्यावर, गार लागणारी तेवढी एकच वस्तू होती.

"याडी, पाहुणे पाहतीन ना!" बादल आईवर वैतागला. "वाकडी पट्टी पाहून काय म्हणतीन?"

"तुया बापाले वाकडं म्हणणारे ते काही पहिले नसतीन."

बादल निघून गेला. लालीबाईने चहाचा कप फरशीवर ठेवला.

"भाऊ, त्या दिवशी तुमी येतो म्हणले होते. काहून नाही आले?"

सहा वर्षं देवराव याच प्रश्नाच्या वाटेतून बाजूला होत आला होता.

"यवतमाळले गेलतो. काम निघालं."

लालीबाईने मान हलवली. देवराव भिंतीकडे बघत राहिला. भिंत काही बोलली नाही. मग त्यालाच राहवलं नाही.

"घरीच होतो, भाभी. झोपलो होतो."

"च्या थंडा होऊन राह्यला," एवढंच लालीबाई म्हणाली आणि आत गेली.

देवरावने मशीन लावलं. पट्टीचे दोन-दोन बोटांचे तुकडे पाडले आणि पाठीच्या वळणाने एकेक बसवत गेला. कडेला भिंत उतरायची तिथे उतरला, कमरेपाशी खोल गेला. एरवी अर्ध्या तासाचं काम. त्याला दिवस मावळला. सांध्यांतून नखसुद्धा जात नव्हतं. आयुष्यात इतकं नेटकं काम त्याच्या हातून झालेलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले तेव्हा त्या जागी फ्रिज उभा होता. खोलीत प्लग तेवढा एकच होता.