थोरली आणि धाकटी

"काकू, तुम्ही तरी सांगा काकांना," सौर पॅनेलवाला गच्चीचा जिना उतरत म्हणाला. "दोन्ही स्टँड नुसते विटांनी दाबून ठेवलेत. वाऱ्याचे दिवस आले. मला स्लॅबमध्ये बोल्ट मारू द्या."

त्याच्या मागून आमचे हे उतरले. हाताला चुना, कपाळाला चुना, आणि चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्या मास्तरांचा भाव.

"निकाल लागल्याशिवाय स्लॅबला भोक पडणार नाही," हे म्हणाले. "एकदा भोक पाडलं की ते बुजत नाही."

"अहो काका, दोन्ही पॅनेलं चांगली आहेत. डोळे मिटून एक निवडा. उरलेलं नमुन्याचं मी परत घेऊन जातो आणि निवडलेल्याची सगळी रांग एका दिवसात बसवून देतो."

"डोळे मिटून तू लग्न केलंस का?"

पॅनेलवाला माझ्याकडे बघून कसनुसा हसला. मी खांदे उडवले. बोलायला दम पुरवून वापरावा लागतो, आणि ह्यांच्याशी वाद घालण्यात तो घालवायचा नाही हे मी केव्हाच ठरवलं होतं.

माझी फुप्फुसं गेली आहेत. गेली म्हणजे आहेत जागेवर, पण कामाला येत नाहीत. पलंगाच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरतं आणि त्याची नळी माझ्या नाकात असते. ह्या नळीच्या टप्प्यात माझं सगळं राज्य. स्वयंपाकघराचा ओटा त्यात येतो, न्हाणीघर येतं, गच्चीच्या जिन्याचा पायथा येतो. जिना येत नाही. मी म्हणायचे, "बैलाला वेसण तशी मला ही." हे हसायचे नाहीत. एरवी कशालाही हसणारा माणूस, पण नळीवरचा विनोद त्यांना चालत नसे.

मशीन विजेवर चालतं आणि वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येऊन जायला लागली होती. आधी थोडा वेळ जायची, मग दुपारभर, मग कधी गेली आणि कधी येईल याचा भरवसाच राहिला नाही. कोपऱ्यात एक लहान सिलिंडर उभा होता, पण तो असून नसल्यासारखा. म्हणून छपरावर सौर पॅनेलं बसवायची आणि खाली बॅटरी ठेवायची असं ठरलं. दुसऱ्या कुठल्याही घरात हे काम आठवड्यात झालं असतं. पण आमच्या घरात तपासनीस राहत होते.

तपासनीस हे ह्यांना गल्लीनं दिलेलं नाव. पंपांच्या कारखान्यात ह्यांचा सगळा जन्म चाचणीच्या खोलीत गेला. तिथली पद्धत अशी, की दोन नमुने शेजारी शेजारी चालू करायचे आणि एक जळेपर्यंत बंद करायचे नाहीत. जो उरला तो पास. दोन्ही चालू असेपर्यंत कुठलाच चांगला म्हणायचा नाही. कारखाना सुटला, पद्धत सुटली नाही. घरात पंखा आणायचा तर दोन आणले, एकाच खोलीत टांगले आणि एक बंद पडेपर्यंत आम्ही वाऱ्यात गारठून जेवलो. मिक्सरचं तेच, छत्रीचंही तेच. मी एकदा म्हटलं, "बायको तेवढी एकच बघितलीत. तपासून न घेतलेली एवढी एकच वस्तू घरात, आणि नेमकी तीच खराब निघाली."

हे ताटावरून उठून गेले. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मीच मग जीभ आवरायला शिकले.

तर गच्चीवर दोन पॅनेलं आली. एक दोन्ही बाजूंनी काचेचं, जाडजूड, दोघांनी धरून वर चढवलेलं. पॅनेलवाल्याचं म्हणणं, खालून परतणारा उजेडही ते पाठीनं घेतं. दुसरं सडपातळ, काळंभोर, तो एकटाच बगलेत मारून घेऊन गेला. ते कमी जागेत जास्त वीज देतं म्हणाला. ह्यांनी लगेच त्यांचं बारसं केलं. जड ती थोरली जाऊ, हलकी ती धाकटी.

माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर बॅटरीच्या वर दोन डब्या बसवल्या, एकेकीची एकेक. पॅनेलकडून वीज येत असली की डबीवरचा हिरवा दिवा लागायचा. ढग असले तरी मंद का होईना लागायचाच. दिवसाउजेडी तार तुटली तरच विझेल, असं पॅनेलवाल्यानं सांगून ठेवलं होतं. सकाळी डोळा उघडला की आधी ते दोन दिवे दिसायचे.

"धाकटी आधी उठते," हे गच्चीवरून ओरडायचे. "पण उन्हं तापली की मान टाकते." दुसऱ्या दिवशी, "थोरली संध्याकाळी मागे पडते गं." मग थोरलीच्या खालची फरशी चुन्यानं पांढरी केली, म्हणजे तिच्या पाठीला उजेड मिळेल. त्यावर धाकटीवर अन्याय होतो म्हणून तिच्याही खाली चुना लावला. मी खालून म्हणायचे, "दोघींना एकदाच काय ते वाटून द्या आणि खाली या, चहा निवतोय."

हे सगळं गमतीचं होतं. मग आवाज सुरू झाला.

एका दुपारी वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, काहीतरी खरडलं. लोखंडी खाट कुणी फरशीवरून ओढावी तसं. पुन्हा शांत. हे वर जाऊन आले.

"धाकटी वीतभर सरकली. आणखी विटा ठेवल्यात."

त्या दिवसापासून वारा सुटला की मी बोलता बोलता थांबायचे. कधी नुसती करकर, कधी लांब खरडल्याचा आवाज. प्रत्येक वेळी हे वर जायचे, विटा रचून यायचे. एकदा रात्रभर तो आवाज येत राहिला आणि मी छताकडे बघत पडून राहिले. मला भीती वाटत होती. पॅनेल जाईल आणि मशीन थांबेल याची भीती, आणि दुसरीही एक होती, तिला मला नाव देता येत नव्हतं. सकाळी मी ह्यांचा हात धरला.

"अहो, बास झालं. कुठलीही घ्या. बोल्ट मारून मोकळे व्हा."

"दोन्ही अजून चालू आहेत," हे म्हणाले.

"म्हणून तर म्हणते. दोन्ही चालतायत, म्हणजे कुठलीही चालेल."

हे माझ्या नळीकडे बघत राहिले. नळीला कुठे पीळ पडलाय का ते बोटानं चाचपत गेले, थेट मशीनपर्यंत.

"पंप चुकला तर परत मागवून दुसरा देता येतो," हे म्हणाले. "इथं चुकलो तर काय परत मागवू? एकीला तरी हार मानू दे गं. एवढं कळलं की मी त्याच दिवशी बोल्ट मारतो."

ह्या माणसानं जन्मभर मला एक गोड शब्द ऐकवला नव्हता. त्या वाक्यानंतर माझ्याच्यानं वाद घालवला नाही. घालायला हवा होता.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सकाळपासून पानही हलत नव्हतं. कुत्री सावलीत पडून होती. दुपारी आकाश मातकट झालं आणि रस्त्यावरची दारं एकापाठोपाठ आपटायला लागली. पाऊस नव्हताच. नुसता कोरडा वारा आणि धूळ. वीज गेली. मशीननं एक शिटी दिली, बॅटरीनं भार घेतला आणि ते पुन्हा घुरघुरायला लागलं. डब्यांचे दोन्ही दिवे मंद जळत होते.

हे दोर शोधत होते.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"दोघी गेल्या तर उद्या बॅटरी कशावर भरायची? आलोच. थोरलीला टाकीच्या खांबाला बांधतो, मग धाकटीला."

"आधी धाकटी बांधा. तीच सरकते."

"तिचा निकाल आज लागतोय बहुतेक," हे म्हणाले, आणि मला वाटतं हसले. दोर खांद्यावर टाकून वर गेले.

मी नळी ओढत जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. वरच्या दारातून धूळ खाली येत होती. खरडल्याचा आवाज आला, लांबलचक, इतका लांब पूर्वी कधी आला नव्हता. मग एक दणका. मग काही नाही. मागे वळून बघितलं तर धाकटीचा दिवा विझलेला.

"अहो!"

माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. मी नाकातली नळी काढून ठेवली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले. थोड्याच पायऱ्यांत डोळ्यांपुढं काजवे आले. तिथंच बसले. बसल्या जागेवरून खोलीतली भिंत दिसत होती. थोरलीचा दिवा एकदा लुकलुकला. विझला. परत लागला. आणि मग स्थिर झाला. वरची करकरही थांबली.

माझा जीव भांड्यात पडला. बांधली, म्हटलं. थोरली बांधली ह्यांनी.

बसून बसूनच मी खाली उतरले, नळी नाकात घातली आणि पलंगावर टेकले. मला चक्क बरं वाटत होतं. एकदाचा निकाल लागला होता. आता हे खाली येतील, "थोरली पास" म्हणतील, आणि मी म्हणेन, मी कधीपासून हेच सांगत होते. खरं तर मी कधीच असं सांगितलं नव्हतं, पण म्हणणार होते. वारा पडत गेला. हे येईनात. गाठी दोनदा तपासत असतील, विटा मोजत असतील, त्यांचं काय. पुन्हा हाक मारावीशी वाटली, पण मी दिव्याकडे बघितलं. दिवा चालू होता. उगाच हाक मारायची आणि त्यांनी मला काय झालं म्हणून जिन्यातून धावत यायचं, पाय घसरायचा. मी गप्प बसले.

दारावर पॅनेलवाला आला. धाकटी रस्त्यापलीकडच्या कुंपणात पडल्याचं त्याला कुणीतरी कळवलं होतं.

"काका कुठायत?"

"वर. थोरलीला बांधतायत."

तो वर गेला. त्याच्या चपलांचा आवाज छतावरून टाकीकडे गेला आणि थांबला. मग तो हळूहळू खाली आला. माझ्याकडे न बघता त्यानं आधी मशीनकडे बघितलं, नीट चालू आहे का म्हणून.

"काकू, तुम्ही पडून राहा," तो म्हणाला. "नळी काढू नका."

मला कळलं.

धाकटीचा कोपरा उडता उडता ह्यांच्या कानशिलावर बसला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले नसावेत, थोडा वेळ हातात होता. त्या थोड्या वेळात काय झालं ते पॅनेलवाल्यानं मला सांगितलं, मी विचारल्यावरच. थोरलीच्या चारही पायांना दोर होता. दोर टाकीच्या खांबाला दोन वेढे घेऊन बांधलेला. सुटलेली तार पुन्हा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. हे थोरलीच्या स्टँडला पाठ लावून बसले होते, तिला आपलाच भार द्यावा तसे. पांढऱ्या चुन्यावर.

लेक आली. रडून झाल्यावर तिनं एकच विचारलं. "आई, हाक का नाही मारलीस गं?"

"दिवा चालू होता," मी म्हटलं.

दिवस झाल्यावर पॅनेलवाला दारात उभा राहिला. त्याला विचारवत नव्हतं, पण वीज तशीच येत-जात होती.

"काकू, कुठली बसवू?"

"थोरली," मी म्हटलं. "निकाल लागलाय."

त्यानं दिवसभर गच्चीला भोकं पाडली. छत दणदणत होतं, पांढरी भुकटी ह्यांच्या खुर्चीवर पडत होती आणि मी पदर तोंडावर धरून बसले होते. संध्याकाळी सगळी रांग बसली. जाताना तो म्हणाला, आता कसलंही वादळ येऊ द्या, काकू, काही हलायचं नाही.

खरं आहे त्याचं. वारा सुटतो तेव्हा मी मशीनची घुरघुर ऐकत पडते आणि कान छताकडे लावते. वर काही सरकत नाही.