दुर्वाची लेन्स

स्वप्नालीने तर्जनीचं नख पुन्हा कापलं. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टोकाला लालसर रेघ उमटली. मग साबणाने हात धुऊन तिने ते सुती रुमालाने कोरडे केले. जाड टॉवेलचे धागे बोटाला चिकटतात आणि तिथून डोळ्यात जातात, असं नाशिकच्या दवाखान्यातल्या सिस्टरने तीनतीनदा बजावलं होतं.

पलंगावर सहा महिन्यांची दुर्वा पाय उडवत होती. दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू. ते काढले, पण एवढ्या लहान डोळ्यात भिंग बसवता येत नाही, म्हणून रोज सकाळी वरून लेन्स घालायची. दवाखान्यात सिस्टर शेजारी असायची. काल सगळे गावी, रनाळ्याला परतले, आणि आज तिचा नवरा भूपेंद्र कामावर गेला. डॉक्टर म्हणाले होते, दिवस चुकवू नका, ती बघायला शिकायची राहून जाईल.

सासू, कौसाबाई, दारातच उभ्या होत्या.

"काय बोट घालस वं पोरना डोयामा?"

स्वप्नालीने उजवी लेन्स बोटावर घेऊन ती उजेडाकडे धरली. वाटीसारखी दिसली, म्हणजे सुलटी. डाव्या हाताने तिने दुर्वाची वरची पापणी उचलली. दुर्वाने मान झटकली, किंचाळली, आणि बोट रिकामं झालं.

स्वप्नाली जागची हलली नाही. नुसती नजर चादरीवरून फिरवत राहिली.

"हाई दख," कौसाबाई वाकल्या. उशीच्या कडेची लेन्स चिमटीत धरून त्या माठाकडे वळल्या. "थांब, धुई देस."

"आई, पानी नको!"

आवाज स्वप्नालीलाच मोठा वाटला. कौसाबाईंचा हात तसाच थांबला.

"पाण्यातले जंतू डोळ्यात गेले तर डोळाच जाईल," ती हळू म्हणाली. "ती राहू द्या. दुसरी शे."

उजव्या डोळ्याची जादा लेन्स एकच होती. ही पडली तर नाशिकहून येईपर्यंत आठवडा.

"इतला दिन काहीच नही, आते डोयाच जाई म्हनस," कौसाबाई पुटपुटल्या. "गिरानमा तू बाहेर निंघनी व्हती. मी सांगेल व्हतं."

ग्रहणात बाहेर पडल्याचं हे वाक्य घरात सहा महिने फिरत होतं. स्वप्नालीने पुन्हा हात धुतले. दुर्वाला चादरीत घट्ट गुंडाळलं, तिचं डोकं दोन गुडघ्यांमध्ये धरलं. वरची पापणी वर. लेन्स तिच्याखाली सरकवायची. मग खालची पापणी ओढून सोडायची. श्वास रोखून तिने बोट पुढे नेलं, आणि या वेळी ते हलकं होऊन परत आलं.

दुर्वा रडत होती. डोळा लाल झाला होता. रडण्याने लाल की लेन्सने? सिस्टर म्हणाली होती, थांबून बघा. लाली जात नसेल, पोर डोळा उघडत नसेल, तर लगेच काढा. स्वप्नाली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट. दोन. चौथ्या मिनिटाला रडणं उतरलं. पापणी उघडली. लाली फिकी पडत गेली.

दुर्वाने समोर पाहिलं. मग मान न हलवता नजर सरकवली आणि कौसाबाईंच्या चेहऱ्यावर ठेवली. तिथेच ठेवली.

कौसाबाई एकदम पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मन्हा डावा डोया बी असाच शे," त्या म्हणाल्या. "धाकलपनपाईन."

लहानपणापासून? स्वप्नालीने वर पाहिलं.

"लगीन मोडी जाई म्हनीसन मायनी कोनले सांगू दिधं नही. भूपेंद्रले बी माहीत नही."

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं; तो दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. मग ग्रहणाचं काय, हे ओठांवर आलेलं स्वप्नालीने गिळलं. खूप होतं ते. दुर्वाच्या गालावरचं पाणी तिने रुमालाने टिपलं.

कौसाबाईंनी चांगल्या, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नातीकडे वाकून पाहिलं.

"आजपावत तिले आपन कसा दिखूत," त्या म्हणाल्या, "ते माले माहीत शे."

स्वप्नालीने डाव्या लेन्सची डबी उघडली.