देवघराची भिंत

भगवान पाणी प्यायचं टाळतोय, हे त्याच्या बायकोच्या, गुणाबाईच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. लघवीला प्रत्येक वेळी प्रितेशनं बापाला उचलून मोरीत न्यायचं. अख्ख्या ओवे गावाचे हरिनाम सप्ताह मृदंगावर जागवलेल्या माणसाला ते मरणाहून जड जाई. म्हणून तो तहान मारत बसे.

"बाथरूम नवी करायची. चाकाची खुर्ची सरळ आत गेली पायजे," गुणाबाईनं शिवा गवंड्याला बोलावून सांगितलं.

कागदावरच्या रेघांवर तिचा विश्वास नव्हता. तिनं अंगणातच रांगोळीनं बाथरूम काढली. इथं दार, इथं कमोड, इथं नळ. मग प्रितेशनं बापाची खुर्ची आत ढकलली आणि वळवली. चाक रांगोळी पुसत पलीकडं गेलं.

"बाबा, तुमी भिंत पाडली," प्रितेश हसला.

शिवा मात्र हसला नाही. "हातभर जागा आणखी लागंल, काकी. पण त्या भिंतीपलीकडं देवघर हाय."

प्रितेशनं खुर्ची मागं ओढली.

"माझ्या हागण्यामुतण्यासाठी देव हलवायचा नाय," भगवान म्हणाला. "मी हाय तसा बरा."

"बरे? ओठ बघा कसे सुकलेत!" गुणाबाईचा आवाज चढला. "इतकी वर्सं कीर्तनात बसलात, ती निसती मृदंग बडवायला का? देव भक्ताघरी कावडीनं पाणी वाहतो, हे आख्यान आलं की पयलं पाणी तुमच्याच डोल्यांत यायचं. पाणी वाहायची ज्याला लाज नाय, त्याला हातभर सरकायची कसली लाज?"

"बुवाच झालीस गो तू," भगवान पुटपुटला. मग शिवाकडं वळला, "धरायचा दांडा कुठं लावतोस?"

शिवानं नेहमीच्या सवयीनं उजवीकडं बोट दाखवलं.

"आरं, त्या हातानं मी काय धरू? डावीकडं लाव." भगवाननं डावा हात पुढं करून हवेतच मूठ आवळली. "इतक्या उंचीवर. आणि पक्का बसव. मना एकट्याला उठायचं हाय."

गुणाबाईनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि देवघरात गेली. "चला देवा, स्वयंपाकघरात," म्हणत तिनं विठोबाची मूर्ती उचलून छातीशी धरली. "शिवा, घे रे हातोडा!"