अध्यक्षांचा जबडा

सहा वर्षांत गावातला एकही तंटा पोलीस ठाण्यापर्यंत गेला नव्हता. याचं सगळं श्रेय तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष दगडोबा यांच्या घोरण्याला होतं. बैठक सुरू झाली की पाचव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर पडायची. दोन्हीकडची माणसं घसा कोरडा होईस्तोवर भांडायची, निकाल द्यायला कुणी जागंच नाही म्हणून कंटाळायची आणि आपसात मिटवून घरी जायची. गाव म्हणायचं, दगडोबांची समाधी लागते. समाधी कसली डोंबलाची!

ती समाधी रात्री शकुबाईंच्या जिवाला घोर लावायची. नवरा घोरता घोरता एकदम गप्प व्हायचा, श्वासच बंद. त्या बोटं मोजायच्या आणि दहाव्या बोटाला त्याला गदागदा हलवायच्या. शेवटी त्यांनीच त्याला नांदेडला नेऊन झोपेची तपासणी करवली, मग हिंगोलीच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दातांचं माप घेऊन साचा करून दिला. रात्री तो तोंडात घातला की खालचा जबडा पुढे राहतो आणि घशात श्वासाला वाट मिळते.

रात्रीची झोप पुरी होऊ लागल्यावर महिन्याभरात दगडोबा दिवसा टक्क जागे राहू लागले आणि गावाची शांतता संपली. जागा माणूस निकाल देणारच! विश्वंभरच्या बांधाचा निकाल त्यांनी नकाशा बघून दिला, तोही अगदी बरोबर. हरलेला विश्वंभर ठाण्यात गेला. जिंकलेला, विश्वंभरने माफी मागितली नाही म्हणून, त्याच्या मागोमाग गेला.

मग विश्वंभरच चार माणसं घेऊन दारात आला. "दगडोबा, बैठकीच्या आदल्या राती ते तोंडात घालू नका. गावासाठी."

"काहून? मरू का मी?"

"मरा कोन म्हनून राहिलं? दिवसा झोप लागली म्हंजे झालं."

शकुबाईंनी चहा पुढे ठेवला. "त्या राती बोटं मोजायला तुमी येता का?"

आलेली माणसं चहा तसाच ठेवून उठली.

दगडोबांना खुर्चीचा मोह होता, खोटं कशाला बोला! दोन दिवस ते साच्याची डबी उघडून नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. गावाने तांड्यावरच्या मोहनसिंगला बिनविरोध निवडलं. तो एसटीत उभ्या उभ्या घोरतो, एवढी लायकी पुरली.

त्याच्या पहिल्याच बैठकीला दगडोबा मागे जाऊन बसले. भांडण एका बोकडाचं होतं. मोहनसिंगच्या घोरण्याने समाजमंदिर भरून गेलं आणि भांडणारे थकत आले. तेवढ्यात घोरणं थांबलं.

"बघा, कशी समाधी लागली," विश्वंभर कुजबुजला.

दगडोबांना कळलं, श्वास थांबलाय. शकुबाईंनी इतकी वर्षं रोज रात्री हेच ऐकलं होतं. दगडोबा आपोआप बोटं मोजू लागले. दहाव्याला ते माणसं तुडवत पुढे धावले आणि त्यांनी मोहनसिंगला हलवलं.

मोहनसिंग धाप टाकत जागा झाला. "मिटला काय तंटा?"

"मिटतच आला व्हता की!" बोकडाच्या दोन्ही बाजू एका सुरात दगडोबांवर धावून आल्या.

दगडोबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मोहनसिंग, घरी राती बोटं कोन मोजते?"

मोहनसिंगने मान खाली घातली. "घरवाली. हाताची संपली की पायाची घेते."