रेघ नसलेलं अंडं

मला दम कसा तो नाय, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. भात शिजायच्या आधी मी चारदा झाकण काढून बघते. त्या दिवशी तर विचारूच नका. शहापूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, आमच्या कुणालीला तिथं अंड्याचा प्रयोग करून दाखवायचा, आणि किन्हवलीची एसटी काय आमच्यासाठी थांबून राहणार नाय.

कुणाली माझी मुलगी, सातवीला. पोर हुशार आहे, पण परक्या माणसांपुढं उभी केली की मिठाची गुळणी धरते. गेल्या साली याच प्रदर्शनात ती होकायंत्र घेऊन उभी होती. परीक्षकांनी विचारलं, वाट बघितली आणि पुढं गेले. ही खाली मान घालून तशीच. तेव्हापासून वर्गात तिला मुकी म्हणतात. यंदा तिच्या शाळेतल्या जगदीश सरांनी पुन्हा तिचंच नाव दिलं. नंबर गेला खड्ड्यात, मला एवढंच पायजे होतं की हिनं तोंड उघडावं. यंदाही गप्प राहिली तर पोर कायमची मिटेल, या काळजीनं मला घास गोड लागत नव्हता.

प्रयोग म्हणाल तर साधा. ग्लासातल्या साध्या पाण्यात अंडं बुडतं. दुसऱ्या ग्लासात भरपूर मीठ विरघळवलं की तेच अंडं तरंगतं. मिठानं पाणी जड होतं, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं. त्याला घनता म्हणतात. कुणाली दिवसभर हेच घोकायची आणि आमी रात्री प्रयोगाच्या अंड्यांची पोळी खायचो.

निघायच्या वेळी बघते तर घरात अंडं नाय. लाईट गेलेली. कोपऱ्यातल्या टोपलीत खुडूक कोंबडी बसवलेली होती. उबवायला ठेवलेल्या अंड्यांवर आमी कोळशानं रेघ ओढतो. बाकीच्या कोंबड्या पण त्याच टोपलीत येऊन घालतात, मग ज्याच्यावर रेघ नाय ते ताजं, ते खायला काढायचं. मी अंधारात चाचपडून एक काढलं आणि कुणालीच्या हातात दिलं. अंडं स्वच्छ पायजे असं सरांनी सांगितलेलं, म्हणून तिनं ते तिथंच मोरीत खसाखसा धुतलं. रेघ होती का नव्हती, बघतंय कोण? हायवेला पाटी असते ना, अति घाई संकटात नेई, ती माझ्यासाठीच लावलीय.

हॉलमध्ये टेबलामागं कुणाली उभी राहिली. मी तिच्या टेबलावरचा कपडा नीट केला, परत केला, दारापर्यंत जाऊन आले, पाणी प्याले.

"प्रेमाताई, तुमी जरा बसा," सर म्हणाले.

"बसते," म्हटलं आणि उभीच राहिले.

परीक्षक मॅडम आल्या. कुणालीनं प्रयोगाचं नाव सांगितलं, आवाज कसाबसा ओठांपर्यंत. मग तिनं साध्या पाण्यात अंडं सोडलं. ते जरासं खाली गेलं आणि वर आलं. रुंद टोक पाण्याबाहेर काढून आरामात तरंगायला लागलं.

ते खुडूक कोंबडीखालचं, रेघ धुऊन गेलेलं अंडं होतं आणि ते मीच दिलं होतं.

कुणालीनं पाठ केलेलं सगळं बुडणाऱ्या अंड्याचं. तिची मान खाली जायला लागली, अगदी गेल्या सालासारखी. मॅडम स्वभावानं बऱ्या होत्या. म्हणाल्या, "शिळं असेल बाळा. शिळं अंडं तरंगतं. का तरंगतं ते सांगशील?"

ही टेबलावरच्या कपड्याचं टोक मुरगाळत राहिली.

"बरं, फोडून दाखव. आतली पोकळी दिसेल, त्यावर बोल."

सरांनी बशी पुढं सरकवली. मी पण मनात म्हटलं, फोड बाई, पण बोल काहीतरी. एका अंड्यानं काय होतंय.

तेवढ्यात अंडं हललं. टेबलाला कुणाचा हात नव्हता, पाणी थिर होतं, आणि अंडं आपलं आपण डुगडुगलं. कुणालीनं ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावरूनच तिला सगळं कळलं असणार.

"नाय फोडणार," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"नाय फोडणार मॅडम. आत पिल्लू हाय. जितं हाय." आणि मग पोरीला कंठ फुटला. पुस्तकातली भाषा नाय, घरातली. "हे शिळं नाय. मडक्यातून पाणी झिरपून उडून जातं ना, तसं याच्या कवचाला पण बारीक भोकं असतात. कोंबडीच्या उबेनं आतल्या पाण्याची वाफ झाली नि ती बाहेर गेली. तिच्या जागी हवा शिरली. अंडं तेवढंच राहिलं, वजन कमी झालं. म्हणून याची घनता पाण्याहून कमी. याला मीठ कशाला लागंल?"

"हवा शिरली हे कशावरून?"

"सर, मोबाईलची बॅटरी लावा."

तिनं अंडं पुसलं, मुठीत धरलं आणि खालून उजेड दाखवला. रुंद टोकाकडं लख्ख दिसत होतं, ती हवा. बाकी सगळं काळं, आणि ते काळं हललं. मॅडमनी चष्मा वर करून खाली वाकून बघितलं.

"मॅडम, मी जाऊ? ते गार पडंल," कुणाली म्हणाली.

"थांब गो, नंबर सांगतील अजून," मी म्हटलं. तर तिनं अंडं रुमालात गुंडाळलं पण होतं. "तुला थांबायचं तर थांब," म्हणाली. माझंच रक्त.

एसटीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं, हातात काय गो. झालं. किन्हवली येईपर्यंत हिचं तोंड बंद नाय. म्हातारीला घनता समजली की नाय देव जाणे, पण ती उतरताना अंड्याला हात लावून गेली.

घरी आल्यावर कुणालीनं चुलीतला कोळसा घेतला, अंड्यावर जाड रेघ ओढली आणि कोंबडीखाली सरकवलं. कोंबडीनं तिच्या हाताला टोच मारली, तरी हसत होती.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आजवर फोन वाजला की ही पोर मोरीत पळायची. आज माझ्या हातातून ओढून घेतला. "ठेवलं सर. मघाशी कानाला लावलं तर आत टकटक वाजत होतं. हो, निघालं की मीच सांगते." आणि ठेवून दिला.

"नंबर काय आला?"

"विचारलाच नाय मी. तू विचार, तुलाच घाई."

तिनं फोन परत माझ्या हातात दिला. पण मला रडू यायला लागलं आणि नंबर कुठल्या कुठं गेला. मी तिथंच चुलीपाशी बसले.

"ते परत सांग गो," मी म्हटलं, "हवा कुठून शिरली ते."

ती पहिल्यापासून सांगायला लागली. भात खाली लागल्याचा वास आला, तरी मी उठले नाय.